तुटू न देणारा नेता : विल्यम ल्यॉन मॅकेन्झी किंग
(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



दुसऱ्या महायुद्धातील नेत्यांची नावे विचारली, की चर्चिल, रूझवेल्ट, स्टॅलिन ही उत्तरे इतिहासाच्या वर्गात क्षणार्धात येतात. कॅनडाचा नेता कोण होता, या प्रश्नावर मात्र बहुधा शांतता पसरते. १९४३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील क्वेबेक शहरी चर्चिल आणि रूझवेल्ट यांची परिषद भरली होती. त्या वेळच्या छायाचित्रांत या दोघांच्या सोबत एक बुटके, स्थूल, काहीसे संकोचलेले गृहस्थ दिसतात. ते यजमान देशाचे पंतप्रधान विल्यम ल्यॉन मॅकेन्झी किंग. युद्धनीतीच्या मूळ खलबतांत त्यांना स्थान नव्हते. त्यांच्या वाणीत चर्चिलचे तेज नव्हते आणि व्यक्तिमत्त्वात रूझवेल्टची मोहिनीही नव्हती. तरीही हे गृहस्थ १९२१ ते १९४८ या काळात तीन खंडांत मिळून एकवीस वर्षांहून अधिक काळ पंतप्रधानपदी राहिले. कॅनडाच्या इतिहासात इतका दीर्घकाळ दुसऱ्या कोणीही पंतप्रधानपद भूषविलेले नाही.

ज्याच्याजवळ वक्तृत्व नाही, रूप नाही, लोकांचे उत्कट प्रेमही नाही, त्याच्या हाती एका देशाने सहा वर्षांच्या महायुद्धाची धुरा का सोपवावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लोकशाहीतील नेतृत्वाविषयी बरेच काही हाती लागते. त्यात काही अनुकरणीय आहे, तर काही सावध करणारे आहे.

किंग यांचा जन्म १७ डिसेंबर १८७४ रोजी ओंटारियो प्रांतातील बर्लिन या गावी झाला. जर्मन वस्तीच्या या गावाचे नाव पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, बदलून किचनर असे करण्यात आले. वडील वकील होते. घरात खरा मान होता तो आईच्या वडिलांच्या स्मृतीला. आजोबा विल्यम ल्यॉन मॅकेन्झी हे टोरांटोचे पहिले महापौर आणि १८३७ च्या अप्पर कॅनडातील बंडाचे पुढारी. बंड फसले, सरकारने त्यांच्या शिरावर एक हजार पौंडांचे इनाम लावले आणि त्यांना अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. किंग यांच्या आईचा जन्म त्या परागंदा अवस्थेतच झाला. ज्या राज्यव्यवस्थेने आजोबांना देशोधडीला लावले, त्याच व्यवस्थेच्या शिखरावर पोहोचून घराण्याच्या नावावरील डाग पुसायचा, ही ईर्ष्या आईने मुलाच्या मनात लहानपणीच रुजवली. मात्र आजोबांचा मार्ग नातवाने घेतला नाही. आजोबांनी व्यवस्थेविरुद्ध शस्त्र उचलले. नातवाने आयुष्यभर वाटाघाटीवर भिस्त ठेवली.

टोरांटो, शिकागो आणि हार्वर्ड या विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले ते कॅनडाचे पहिले पंतप्रधान होत. शिकागोत असताना जेन ॲडम्स यांच्या हल हाऊस या सेवाभावी वसतिगृहात त्यांनी काही काळ काढला आणि गरीब कामगारांचे जिणे जवळून पाहिले. १८९७ साली टोरांटोच्या वृत्तपत्रासाठी त्यांनी शिलाईकामगारांच्या स्थितीवर लेख लिहिले. टपाल खात्याचे गणवेश शिवणाऱ्या स्त्रियांना मिळणारी मजुरी पाहून ते अस्वस्थ झाले. ती हकीकत त्यांनी थेट टपालमंत्र्यांच्या कानी घातली आणि सरकारी कंत्राटांच्या अटी सुधारण्यात आल्या. नव्या श्रम खात्याची सूत्रे १९०० साली त्यांच्याकडे आली, तेव्हा ते पंचविशीत होते. संप आणि टाळेबंदी यांच्या झगड्यात दोन्ही बाजूंना एका मेजाशी बसवणे हे पुढील आठ वर्षे त्यांचे काम झाले. १९०७ च्या औद्योगिक तंटे चौकशी कायद्यामागे त्यांचीच कल्पना होती. संप किंवा टाळेबंदी पुकारण्यापूर्वी चौकशी मंडळासमोर जावे, सत्य लोकांपुढे यावे आणि मधल्या काळात माथी थंड व्हावीत, असे त्याचे सूत्र होते. ‘मधला काळ’ या गोष्टीवर त्यांचा जो विश्वास तेव्हा बसला, तो अखेरपर्यंत ढळला नाही.

किंग यांचे राजकारण समजण्यासाठी कॅनडाची घडण लक्षात घ्यावी लागते. तो देश दोन भाषांचा आहे. बहुसंख्य इंग्रजी बोलणारे, तर मुख्यत्वे क्वेबेक प्रांतात राहणारे फ्रेंचभाषक अल्पसंख्य. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तत्कालीन सरकारने सक्तीची लष्करभरती लागू केली. इंग्रजीभाषक प्रांतांनी तिला पाठिंबा दिला, पण क्वेबेकने कडवा विरोध केला. ब्रिटनच्या साम्राज्यासाठी आपल्या मुलांना समुद्रापार का पाठवावे, असा तेथील लोकांचा सवाल होता. १९१८ च्या ईस्टरमध्ये क्वेबेक शहरात दंगल उसळली, सैन्याने गोळीबार केला आणि नागरिकांचे बळी गेले. लिबरल पक्षही याच प्रश्नावर उभा दुभंगला. पक्षाचे वृद्ध फ्रेंचभाषक नेते सर विल्फ्रिड लॉरिये यांना बहुतेक इंग्रजीभाषक सहकारी सोडून गेले. किंग मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९१७ च्या निवडणुकीत पराभूत झाले. मतदानाचा तो दिवस त्यांचा त्रेचाळिसावा वाढदिवस होता आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची आई निवर्तली. लॉरिये यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली पक्षनेता निवडायची वेळ आली, तेव्हा क्वेबेकच्या प्रतिनिधींना त्या कठीण दिवसांतील निष्ठेचे विस्मरण झाले नव्हते. किंग नेते झाले आणि १९२१ च्या अखेरीस पंतप्रधान झाले.

त्यानंतरच्या काळाचा आढावा थोडक्यात घेणे पुरेसे आहे. साम्राज्याच्या अंतर्गत राहूनही कॅनडाचे परराष्ट्र धोरण कॅनडानेच ठरवावे, हा आग्रह त्यांनी पावलापावलाने पुढे नेला. १९२३ साली अमेरिकेशी झालेल्या मासेमारीच्या करारावर ब्रिटिश प्रतिनिधीची सही न घेता केवळ कॅनडाच्या मंत्र्याने सही केली. कृती लहान होती, अर्थ मोठा होता. १९२६ साली संसद विसर्जित करण्याची त्यांची विनंती गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांनी नाकारली. त्यांनी राजीनामा दिला, तोच मुद्दा घेऊन ते मतदारांपुढे गेले आणि तीन महिन्यांत पुन्हा सत्तेवर आले. १९२७ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. १९३० मध्ये मंदीच्या झळा ओळखण्यात ते चुकले आणि हरले. १९३५ मध्ये परत आले ते थेट १९४८ पर्यंत.

युद्धापूर्वीची त्यांची एक मोठी चूक सांगितलीच पाहिजे. जून १९३७ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये हिटलरची भेट घेतली. आयुष्यभर माणसे पारखणारा हा मध्यस्थ त्या भेटीत पुरता फसला. हिटलर हा आपल्या लोकांवर प्रेम करणारा साधा माणूस असून त्याला युद्ध नको आहे, अशा आशयाची नोंद त्यांनी रोजनिशीत केली. प्रत्येक तंट्याला दोन बाजू असतात आणि चर्चेने मार्ग निघतो, हा त्यांचा अनुभव होता. ज्याला मार्ग काढायचाच नाही, असा माणूस समोर असू शकतो, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हते. आपल्या सर्वांत मोठ्या गुणातच आपली सर्वांत मोठी चूक दडलेली असते, ती अशी.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. भारतीय नेत्यांना त्यांनी एका शब्दानेही विचारले नाही. या अपमानाच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी पुढे राजीनामे दिले, हे आपण जाणतोच. त्याच आठवड्यात कॅनडात काय घडत होते? किंग यांनी संसदेचे अधिवेशन बोलावले, चर्चा होऊ दिली, संसदेची संमती घेतली आणि मगच, १० सप्टेंबर रोजी, कॅनडाने स्वतःच्या नावाने युद्ध पुकारले. युद्धात उतरणे अटळच होते. तरीही ‘आम्हांला कोणी ओढून नेले नाही, आमचा निर्णय आम्हीच घेतला’ असे म्हणण्याचा हक्क त्या सात दिवसांनी कॅनडाच्या जनतेला दिला. संमती विचारणे आणि न विचारणे यांतील अंतर भारतीय वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. १९१७ ची जखम किंग विसरले नव्हते. समुद्रापार लढण्यासाठी कोणावरही सक्ती केली जाणार नाही, असे वचन त्यांनी युद्धाच्या आरंभीच दिले. क्वेबेकमधील त्यांचे जिवलग सहकारी, न्यायमंत्री अर्नेस्ट लापॉइंट यांनी त्याच वचनाच्या बळावर आपल्या प्रांताची साथ मिळविली. किंग यांना फ्रेंच बोलता येत नसे. क्वेबेकचे मन त्यांना लापॉइंट यांच्या तोंडून कळे आणि महत्त्वाचे म्हणजे, ते लापॉइंट यांचे ऐकत. आपल्याला न येणाऱ्या भाषेतील माणसांवर राज्य करायचे असेल, तर त्या भाषेतील विश्वासू माणूस शेजारी बसवावा आणि त्याला केवळ शोभेचा ठेवू नये, एवढे शहाणपण त्यांच्यापाशी होते.

देशाने युद्धात घातलेली भर लहान नव्हती. साधारण एक कोटी पंधरा लाख लोकसंख्येच्या कॅनडातून दहा लाखांहून अधिक स्त्रीपुरुष सैन्यदलांत दाखल झाले. पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसे परत आली नाहीत. राष्ट्रकुलातील वैमानिकांच्या प्रशिक्षणाची जी प्रचंड योजना कॅनडाच्या भूमीवर राबविण्यात आली, तिच्यातून १,३०,००० हून अधिक वैमानिक व विमानदलाचे कर्मचारी तयार झाले. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडले आणि तेथील कॅनेडियन पलटणी शत्रूच्या हाती सापडल्या. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप येथील चढाईत एकाच दिवसात नऊशेहून अधिक कॅनेडियन सैनिक मारले गेले.

जीवितहानी वाढू लागली, तशी सक्तीच्या भरतीची मागणीही वाढू लागली. १९४० च्या कायद्याने केवळ देशाच्या संरक्षणापुरती सक्ती आली होती. एप्रिल १९४२ मध्ये किंग यांनी जनमताचा कौल घेतला. सरकारला दिलेल्या वचनातून मोकळे करावे काय, एवढाच प्रश्न होता. सबंध देशात सुमारे ६४ टक्के मतदारांनी होकार दिला. क्वेबेकमध्ये ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी नकार दिला. टीकाकारांचा मुद्दा बिनतोड होता. वचन दिले होते क्वेबेकला, मग त्यातून सुटका करून घेण्यासाठी सर्व देशाला का विचारले? या आक्षेपाला किंग यांच्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. परंतु हाती आलेल्या अधिकाराचा त्यांनी तत्काळ उपयोग केला नाही. सक्ती करावीच असे नाही, पण गरज पडलीच तर करावी, अशा अर्थाचे त्यांचे दुटप्पी वाटणारे वाक्य कॅनडात आजही थट्टेने आठवले जाते. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा तो प्रयत्न होता. अडीच वर्षे त्यांनी तो प्रश्न असा तोलून धरला.

१९४४ च्या शरदात मात्र तोल सुटण्याची वेळ आली. नॉर्मंडी आणि इटलीतील लढायांत पायदळाची एवढी हानी झाली, की स्वयंसेवक पुरेनात. युद्धभूमीवरून परतलेले संरक्षणमंत्री कर्नल राल्स्टन यांनी सक्तीचा आग्रह धरला. १ नोव्हेंबर रोजी भर मंत्रिमंडळात किंग यांनी राल्स्टन यांचा राजीनामा स्वीकारला. तो राजीनामा त्यांनी दोन वर्षांपूर्वी दिलेला आणि किंग यांनी जपून ठेवलेला होता. राल्स्टन यांच्या सचोटीविषयी कोणाला शंका नव्हती, त्यामुळे ही कृती अनेकांना निष्ठुर वाटली, आणि ती निष्ठुर होतीच. त्यांच्या जागी जनरल मॅकनॉटन आले. आवाहनाने स्वयंसेवक मिळवू, असा त्यांचा विश्वास होता. तीन आठवड्यांत तो फोल ठरला. २२ नोव्हेंबरला किंग यांनी दिशा बदलली आणि १६,००० सैनिक सक्तीने समुद्रापार पाठविण्याचा निर्णय जाहीर केला.

आता १९१७ ची पुनरावृत्ती होणार, अशी भीती होती. क्वेबेकमध्ये संताप उसळला, सभा झाल्या, एका मंत्र्याने राजीनामा दिला. पण देश फुटला नाही, सरकार पडले नाही. लापॉइंट १९४१ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या जागी आलेले लुई सेंट लॉरेंट ठामपणे किंग यांच्या पाठीशी राहिले. क्वेबेकच्या लोकांना निर्णय आवडला नव्हता. पण हा माणूस पाच वर्षे आपल्यासाठी झगडला आणि सर्व उपाय थकल्यावरच नमला, हे त्यांनी पाहिले होते. प्रत्यक्षात सुमारे तेरा हजार सक्तीचे सैनिक समुद्रापार गेले आणि त्यांतील अडीच हजारांच्या आसपास आघाडीवरील तुकड्यांत पोहोचले. १९१७ मध्ये आणि १९४४ मध्ये सक्ती दोन्ही वेळा आली, पण ती लोकांपर्यंत पोहोचण्याची वाट वेगळी होती. माणसे एक वेळ नावडता निर्णय सोसतात, आपल्याला मोजलेच नाही ही भावना सोसत नाहीत. महाराष्ट्राबाहेर, अन्यभाषक समाजात पिढ्यान्पिढ्या गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सत्य पुस्तकातून शिकावे लागत नाही.

येथवरच थांबले, तर किंग यांचे चरित्र गौरवगाथा ठरेल. परंतु गौरवगाथा आणि इतिहास या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ज्या वर्षी किंग क्वेबेकच्या मनाची इतकी काळजी घेत होते, त्याच १९४२ साली त्यांच्या सरकारने पॅसिफिक किनाऱ्यावरील बावीस हजारांच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून अंतर्भागातील छावण्यांत पाठविले. त्यांतील बहुतेक जण कॅनडातच जन्मलेले किंवा तेथील नागरिक होते. त्यांची घरे, शेते, मासेमारीच्या होड्या सरकारने विकून टाकल्या. युद्ध संपल्यावरही १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतण्याची मुभा नव्हती. कॅनडाच्या सरकारने याची जाहीर क्षमा मागितली ती १९८८ साली. त्याआधी जून १९३९ मध्ये सेंट लुई या जहाजावरील नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांना आश्रय देण्यास कॅनडाने नकार दिला होता. जहाज युरोपला परतले आणि त्यांतील अनेक जण पुढे नाझींच्या संहारात मारले गेले. चिनी लोकांना देशाची दारे जवळजवळ बंद करणारा १९२३ चा कायदाही किंग यांच्याच कारकिर्दीतला.

भारतीयांचाही या हिशेबाशी संबंध आहे. १९०८ साली कॅनडाने असा नियम केला, की मायदेशातून निघून मध्ये न थांबता सलग प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. भारतातून तसा प्रवास करणे व्यवहारात अशक्य होते. त्याच वर्षी भारतीयांच्या स्थलांतराविषयी ब्रिटिश सरकारशी बोलणी करण्यासाठी लंडनला गेलेले अधिकारी होते मॅकेन्झी किंग. भारतीयांचे येणे रोखावे, हेच त्यांच्या अहवालाचे तात्पर्य होते. १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन गेलेले कोमागाता मारू जहाज व्हँकुव्हरच्या बंदरातून परतवले गेले, तेव्हा किंग सत्तेवर नव्हते. पण ज्या नियमांच्या भिंतीवर ते जहाज आदळले, तिच्या बांधकामात त्यांचाही हात होता. कॅनडातील भारतीयांना आणि चिन्यांना मतदानाचा हक्क मिळण्यास १९४७ साल उजाडले. चिन्यांविरुद्धचा कायदाही त्याच वर्षी रद्द झाला. तेव्हाही पंतप्रधान किंग हेच होते.

या दोन चित्रांचा मेळ कसा घालायचा? क्वेबेकचे फ्रेंचभाषक अल्पसंख्य होते, पण त्यांच्याजवळ मते होती, खासदार होते, मंत्री होते. ब्रिटिश कोलंबियातील जपानी वंशाच्या लोकांना मताधिकार नव्हता. सेंट लुईवरील निर्वासितांचा तर देशच हरपला होता. ज्यांचा आवाज मंत्रिमंडळात पोहोचत होता, त्यांच्यासाठी किंग यांचा संयम अमर्याद होता. ज्यांचा पोहोचत नव्हता, त्यांच्यासाठी त्यांना थांबावेसे वाटले नाही. तडजोडीच्या राजकारणाची ही खरी मर्यादा आहे. मेजाभोवती बसलेल्यांना ते न्याय देते, मेजापर्यंत येऊ न शकलेल्यांना विसरते.

हे सारे आज इतके स्पष्ट दिसते, त्याचे श्रेय विचित्र रीतीने पुन्हा किंग यांनाच जाते. विद्यार्थिदशेत, १८९३ साली, त्यांनी रोजनिशी लिहायला घेतली आणि १९५० मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत ती लिहिली. जवळजवळ तीस हजार पानांचा तो ऐवज आहे. ते अविवाहित होते. लॉरिये हाऊस या त्यांच्या ओटावातील घरात आईच्या तसबिरीपुढे दिवा तेवत असे. पॅट नावाचा कुत्रा हा त्यांचा सोबती होता. मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या बैठकांना ते गुपचूप हजेरी लावत, हे त्यांच्या मृत्यूनंतर जगाला कळले आणि मोठी खळबळ उडाली. राज्यकारभाराचे निर्णय त्यांनी त्या बैठकांवरून घेतले, असे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. एका एकाकी माणसाचा तो आधार असावा. हिरोशिमावर अणुबाँब पडला त्या दिवशी, हे अस्त्र युरोपातील गोऱ्यांवर न पडता जपान्यांवर पडले याचे समाधान वाटते, अशा अर्थाची नोंद त्यांनी केली. वाचताना अंगावर काटा येतो. आपल्यामागे ही रोजनिशी, आपण निवडलेला भाग वगळून, नष्ट करावी, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. पण ठेवायचा भाग त्यांनी कधी निवडलाच नाही आणि विश्वस्तांनी ती जतन केली. कोणत्याही टीकाकाराला जमले नसते इतके कठोर साक्षीदार किंग स्वतःविरुद्ध स्वतःच ठरले आहेत.

शेवटच्या वर्षांतील त्यांचे काम मात्र टिकाऊ निघाले. युद्ध चालू असतानाच, १९४० मध्ये, बेकारी विमा आला. १९४४ मध्ये कुटुंब भत्त्याचा कायदा झाला. सोळा वर्षांखालील मुलांसाठी दरमहा रक्कम घरोघरी पोहोचू लागली आणि शाळेच्या वयाचे मूल शाळेत जात असले पाहिजे, ही तिची अट होती. १९४७ च्या जानेवारीत कॅनडाचा स्वतंत्र नागरिकत्व कायदा अमलात आला आणि नागरिकत्वाचे पहिले प्रमाणपत्र किंग यांना देण्यात आले. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी पद सोडले आणि ते सेंट लॉरेंट या फ्रेंचभाषक सहकाऱ्याकडे गेले. २२ जुलै १९५० रोजी किंग्समियर येथील आपल्या निवासस्थानी त्यांनी देह ठेवला. ती सारी इस्टेट त्यांनी राष्ट्राला दिली होती.

समकालीनांनी त्यांच्यावर फारसे प्रेम केले नाही. कवींनी त्यांच्या धूसर बोलण्याची टर उडवली. आणि तरीही १९९७ साली मॅक्लीन्स या नियतकालिकाने इतिहासकारांकडून पंतप्रधानांची क्रमवारी मागविली, तेव्हा पहिला क्रमांक किंग यांनाच मिळाला. त्यांच्या संयमाने एक देश एकसंध राहिला, हे त्याचे कारण.

आज येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत, कोणी पंचायतीत निर्णय घेत असतील. पालक तर रोजच घेतात. निर्णयापूर्वी थांबावे, विरोधकाचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकून घ्यावे, अगदी नाइलाज होईपर्यंत सक्ती करू नये, हा किंग यांच्या चरित्रातील घेण्यासारखा भाग. आणि निर्णयाच्या मेजाभोवती कोण कोण नाही, हे उठून एकदा मोजावे, हा त्यांच्याकडून राहून गेलेला, म्हणून पुढच्या पिढीने शिकायचा भाग. मुलांना इतिहास शिकवायचा तो याचसाठी, की मोठ्या माणसांचे पहिले त्यांनी उचलावे आणि दुसरे पुरे करावे.